दयेचे घर आणि हिशेबाची वही

मागच्या रमजानमधली गोष्ट. तरावीह आटोपून मी घरी निघालो होतो. गल्लीच्या तोंडाशी आमच्या मोहल्ल्यातल्या एक आपा उभ्या होत्या. त्यांचा मुलगा सतरा वर्षांचा आहे. डॉक्टरांच्या कागदावर त्याच्या नावापुढे स्वमग्नता आणि बौद्धिक दिव्यांगत्व असे दोन शब्द आहेत. मोहल्ल्यात त्याला कुणी भोला म्हणते, कुणी अल्लाह मियाँ की गाय. त्याला दहा-बारा शब्द बोलता येतात आणि ते सगळे दखनी आहेत. वडील हयात नाहीत, बहीण लग्न होऊन नांदेडला गेली. आपांना स्वतःला शुगरचा त्रास आहे. त्यांनी एवढेच विचारले, "सर, मेरे बाद इसकू कौन देखेगा? कोई अच्छा हॉस्टेल है क्या?"

मी उर्दू आणि मराठी शिकवणारा मास्तर. बी.एड.च्या वर्षात 'विशेष गरजा असलेली मुले' या नावाचा एक धडा होता, तो पाठ करून मी परीक्षा दिली होती. त्या धड्यात आपांच्या प्रश्नाचे उत्तर नव्हते. 'बघतो आपा' म्हणून मी पुढे गेलो आणि त्या रात्री झोप लागली नाही.

त्यानंतर काही महिने मी या विषयावर जे मिळेल ते वाचले. कायदे, न्यायालयांचे निकाल, जुन्या प्रवाशांची वर्णने, वर्तमानपत्रे. वाचता वाचता एक गोष्ट वारंवार समोर आली. अशी माणसे सांभाळण्यासाठी घरे उभी राहिली ती बहुतेक वेळा दयेतून. पण त्या घरांचा दर्जा टिकला की नाही, हे दयेवर ठरले नाही. आत काय चालले आहे हे विचारणारा कुणी बाहेरचा माणूस होता का, यावर ते ठरले. हा लेख त्याच इतिहासाबद्दल आहे.

मोहल्ला, दर्गा आणि साखळी

आपल्याकडे पूर्वी अशी मुले कुठे राहत होती? बहुतेक घरातच. मोठे कुटुंब, ओळखीची गल्ली, मशिदीच्या ओट्यावर बसले तरी हटकणारे कुणी नाही. ही व्यवस्था वाईट नव्हती. पण ती आई, बहीण किंवा विधवा आत्या यांच्या जिवावर चालत होती आणि त्यांचे हात थकले की संपत होती.

घर संपले की उरायचा दर्गा. आमच्या परभणीत हजरत तुराबुल हक यांच्या उरुसात मी लहानपणापासून अशा मुलांना घेऊन आलेले आईबाप पाहतो. हिंदू असोत की मुसलमान, चेहऱ्यावरचा थकवा सारखाच असतो. दर्गा कुणाला हाकलत नाही, लंगरमध्ये जेवण मिळते, ही मोठी गोष्ट आहे. पण याची दुसरी बाजूही इतिहासात आहे.

आज पाकिस्तानात असलेल्या पंजाबातल्या गुजरात शहरात शाह दौला यांचा दर्गा आहे. हे सतराव्या शतकातले बुजुर्ग. जन्मतः डोके लहान आणि बुद्धीची वाढ कमी असलेली मुले तिथे आणून सोडण्याची प्रथा पडली. लोक त्यांना 'शाह दौला के चूहे' म्हणू लागले. ज्यांना कुणी नव्हते त्यांना आसरा मिळाला हे खरे. पण पुढे याच मुलांना भाड्याने घेऊन गावोगाव भीक मागण्यासाठी फिरवणारे लोक तयार झाले. आसरा देणारी जागा कमाईची जागा कधी झाली, हे विचारायला कुणी नव्हते.

आपल्या देशातले उदाहरण याहून भयंकर आहे. तामिळनाडूच्या रामनाथपुरम जिल्ह्यातल्या एरवाडी दर्ग्याभोवती मनोरुग्णांसाठी खासगी घरे चालत. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे त्यातल्या एका घराला आग लागली. आतली माणसे साखळ्यांनी बांधलेली होती. २८ जण गेले. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि साखळदंडाच्या प्रथेवर देशभर चर्चा झाली. ही माणसे मानसिक आजाराची होती, बौद्धिक दिव्यांग नव्हेत. पण साखळी बांधणारा हा फरक पाहत बसत नाही.

सुलतान जेव्हा विचारणा करतो

आपल्या इतिहासात केवळ दर्गेच नाहीत. उमय्या खलीफा वलीद बिन अब्दुल मलिक (७०५ ते ७१५) याच्याबद्दल इतिहासकार लिहितात की त्याने अंधांना वाटाड्या आणि ज्यांना चालता येत नाही त्यांना सेवक नेमून दिला. पुढे दमिश्कमध्ये नूरुद्दीन यांचे (११५४) आणि कैरोमध्ये कलावून यांचे (१२८४) असे मोठे बीमारिस्तान, म्हणजे दवाखाने, वक्फच्या उत्पन्नावर उभे राहिले.

मला सगळ्यात जास्त आवडलेली नोंद इब्न जुबैर या अंदलूसच्या प्रवाशाची आहे. तो ११८३ मध्ये कैरोला पोहोचला. सलाहुद्दीन अय्यूबी यांच्या दवाखान्याचे वर्णन करताना तो खाटा, औषधे, स्त्रियांचा वेगळा विभाग हे सगळे सांगतो. ज्यांची अक्कल ठिकाणावर नाही अशांचा विभागही सांगतो. त्या खोल्यांना लोखंडी जाळ्या होत्या, हेही तो लपवत नाही. पण पुढे तो नोंदवतो की या लोकांची रोज पाहणी करायला माणसे नेमलेली होती आणि सुलतान स्वतः या सगळ्याची विचारपूस करत असे. दवाखाना बांधणारे राज्यकर्ते खूप झाले. बांधल्यावर आत काय चालले आहे हे विचारत राहणारा राज्यकर्ता त्या प्रवाशाला लिहून ठेवण्यासारखा वाटला.

आपल्या फिकहमध्येही एक महत्त्वाचा भेद आहे. हनफी फकीह 'मजनून' आणि 'मातूह' यांना वेगळे मानतात. मजनून म्हणजे ज्याचे भान गेले आहे तो, आणि मातूह म्हणजे ज्याची समज मुळात कमी आहे तो. सूरह निसामध्ये ज्यांना स्वतःचा माल सांभाळता येत नाही त्यांच्याबद्दल हुकूम आहे. त्याचा मतलब असा की माल त्यांच्या हाती देऊ नका, पण त्यातून त्यांना खाऊ घाला, कपडे द्या आणि त्यांच्याशी भल्या शब्दांत बोला. अन्न आणि कपड्यांच्या बरोबरीने बोलण्याची रीतही तिथे सांगितली आहे. दर्जा म्हणजे काय असे कुणी मला विचारले तर मी सुरुवात इथूनच करेन.

इंग्रजांचा कायदा आणि मानखुर्दचे घर

इंग्रजांनी हा भेद आपल्या देशात पुसून टाकला. १९१२ च्या लुनसी कायद्यात 'वेडा' या शब्दाच्या व्याख्येतच जन्मतः मंदबुद्धी असलेला माणूस घालण्यात आला. म्हणजे दोघांसाठी एकच वेड्यांचे इस्पितळ. गंमत म्हणजे स्वतःच्या देशात त्यांनी पुढच्याच वर्षी, १९१३ मध्ये, अशा लोकांसाठी वेगळा कायदा केला. आपल्याकडे हा घोळ १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यापर्यंत चालला. त्या कायद्याने प्रथमच मतिमंदत्व मानसिक आजाराच्या व्याख्येबाहेर काढले.

मुंबई इलाख्यात १९२४ मध्ये मुलांचा कायदा झाला आणि १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. पोलिसांना सापडलेली, हरवलेली, टाकून दिलेली मुले या संस्थेकडे येत. त्यातली काही मुले शाळेत बसत नव्हती, स्वतःचे नाव सांगू शकत नव्हती. त्यांच्यासाठी १९४१ मध्ये मानखुर्दला वेगळे घर सुरू झाले. अशा मुलांसाठीचे हे देशातले अगदी सुरुवातीचे निवासी घर. त्यानंतर दोन वर्षांनी, १९४३ मध्ये, अमेरिकेत लिओ कॅनर या डॉक्टरने स्वमग्नतेचे पहिले नीट वर्णन प्रसिद्ध केले. म्हणजे मानखुर्दच्या घरात स्वमग्न मुले आली असतील तरी त्यांना ओळखणारा शब्दच तेव्हा नव्हता.

१९४४ मध्ये मुंबईतच जय वकील या पारशी बाईंनी आपल्या डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलीसाठी घरातच शाळा सुरू केली. पुढे १९६४ मध्ये पुण्यात सिंधूताई जोशी यांनी 'कामायनी' सुरू केली. या दोन वाटा लक्षात ठेवा. मानखुर्दच्या वाटेने ज्यांचे कुणी नाही ती मुले गेली. जय वकील यांच्या वाटेने ज्यांचे आईबाप धडपडू शकत होते ती मुले गेली आणि संध्याकाळी घरी परत आली.

आपला परभणी जिल्हा या दोन्ही वाटांपासून दूर होता. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होतो. मुंबईचे मुलांचे कायदे आपले नव्हते. १९८४ मध्ये सिकंदराबादला मतिमंदांसाठी राष्ट्रीय संस्था सुरू झाली आणि परभणीच्या लोकांना मुंबईपेक्षा तेच जवळचे वाटले. गाडी सरळ जाते, बोली ओळखीची. माझ्या ओळखीतली दोन कुटुंबे मुलाला तपासायला तिकडेच गेली. कागद घेऊन परत आली. पण कागद मिळाला तरी रोजचा प्रश्न घरातच राहिला.

शिरूर, १९९४

महाराष्ट्रात या घरांकडे समाजाचे लक्ष पहिल्यांदा गेले ते एका धक्क्याने. फेब्रुवारी १९९४ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींना पुण्याच्या ससून रुग्णालयात नेण्यात आले आणि त्यांची गर्भाशये काढण्याच्या शस्त्रक्रिया सुरू झाल्या. कारण असे दिले गेले की या मुलींना मासिक पाळीची स्वच्छता जमत नाही. महिला संघटना आणि आरोग्य कार्यकर्त्यांनी जोरदार विरोध केला तेव्हा उरलेल्या शस्त्रक्रिया थांबल्या.

शस्त्रक्रिया करणाऱ्यांच्या मनात क्रूरपणा होता असे मी म्हणत नाही. त्यांच्यापैकी बहुतेकांना आपण मुलींचे आणि त्यांना सांभाळणाऱ्या बायांचे भलेच करतो आहोत असे वाटले असणार. विरोध करणाऱ्यांचा प्रश्न साधा होता. अशा मुलींना पाळीचे कापड बदलायला शिकवता येते, त्याला वेळ आणि माणूस लागतो. तो वेळ आणि माणूस त्या वसतिगृहात का नव्हता? माणूस नेमण्याऐवजी मुलीचा अवयव काढून टाकणे व्यवस्थेला सोपे वाटले. निवासी संस्थेचा दर्जा कसा घसरतो याचे याहून स्पष्ट उदाहरण मला सापडले नाही. आधी मनुष्यबळ कमी पडते, मग मुलांनाच त्या कमतरतेच्या मापाने कापले जाते. कुठे औषध जास्त देऊन, कुठे खोलीत कोंडून.

पंधरा वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने या मुद्द्यावर एक पाऊल पुढे टाकले. चंदीगडच्या सरकारी संस्थेत राहणाऱ्या, बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या एका तरुणीवर संस्थेतच अत्याचार झाला आणि ती गरोदर राहिली. उच्च न्यायालयाने गर्भपाताचा आदेश दिला. तिला मूल हवे होते. ऑगस्ट २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की तिच्या संमतीशिवाय हा निर्णय कुणी घेऊ शकत नाही. शिरूरच्या मुलींना असे विचारायला १९९४ मध्ये कुणी नव्हते.

कवडास आणि कळंबोली

२०१० मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यातल्या कवडास येथील मतिमंद मुलांच्या घराबद्दल वर्तमानपत्रांत बातम्या आल्या. उपासमार, मृत्यू, मुलींवर अत्याचार. मुंबई उच्च न्यायालयाने त्या बातम्यांवरून स्वतःहून याचिका दाखल करून घेतली. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या डॉ. आशा बाजपेयी यांच्या नेतृत्वाखाली समिती नेमली आणि राज्यातल्या अशा घरांची पाहणी सुरू झाली.

त्यातूनच पुढच्या वर्षी, २०११ मध्ये, पनवेलजवळच्या कळंबोलीतल्या एका संस्थेचे प्रकरण उघडकीला आले. तिथल्या मूकबधिर आणि मतिमंद मुलींवर संस्थेतल्याच लोकांनी अत्याचार केले होते. मार्च २०१३ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने संस्थाचालकाला आणि इतरांना दोषी ठरवून शिक्षा सुनावल्या.

या दोन प्रकरणांवरून अनेक जण एकच निष्कर्ष काढतात की संस्था वाईट, मूल घरीच ठेवा. मला त्यातून दुसरी गोष्ट दिसते. कळंबोलीच्या मुली आधीही तिथेच होत्या, त्यांचे दुःख आधीही होते. फरक एवढाच पडला की बाहेरून माणसे आली, त्यांच्याशेजारी बसली आणि ज्यांना 'यांना काय कळते' असे म्हटले जात होते त्यांना विचारले. विचारल्यावर त्यांनी सांगितले.

हे फक्त आपल्या गरीब देशात घडते असे नाही. न्यूयॉर्कच्या विलोब्रुक संस्थेत ४,००० जणांच्या जागेत ५,००० पेक्षा जास्त मतिमंद माणसे कोंडली होती. १९७२ मध्ये एक दूरचित्रवाणी पत्रकार कॅमेरा घेऊन आत शिरला तेव्हा अमेरिकेने ते पाहिले. संस्था १९८७ मध्ये बंद झाली. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलजवळ विंटरबोर्न व्ह्यू नावाचे खासगी रुग्णालय होते. एका रहिवाशामागे आठवड्याला सुमारे ३,५०० पौंड घेतले जात. तिथे नोंदणी होती, तपासणीची यंत्रणा होती. एका नर्सने तक्रार केली, ती कुणी मनावर घेतली नाही. २०११ मध्ये बीबीसीने छुपा कॅमेरा लावला तेव्हा स्वमग्न आणि बौद्धिक दिव्यांग माणसांना होणारी मारहाण जगाने पाहिली. म्हणजे पैसा पुरेसा असला आणि भिंतीवर प्रमाणपत्र टांगलेले असले तरी, सांगणाऱ्याचे ऐकून घेणारा कुणी नसेल तर दर्जा राहत नाही.

अठरा वर्षांनंतर काय?

आपांचा मुलगा पुढच्या वर्षी अठराचा होईल. आपल्या बाल न्याय कायद्याच्या दृष्टीने मूल अठराव्या वर्षी मूल राहत नाही. बालगृह सोडावे लागते, नंतर थोडा काळ अनुरक्षण गृहाची सोय. पण ज्याची समज पाच वर्षांच्या मुलाएवढी आहे तो अठराव्या वाढदिवशी कुठे जाणार?

हा प्रश्न महाराष्ट्रात सगळ्यात ठामपणे कुणी विचारला असेल तर तो शंकरबाबा पापळकर यांनी. अमरावती जिल्ह्यात परतवाड्याजवळ वज्झर इथे त्यांनी टाकून दिलेल्या दिव्यांग, मतिमंद, मूकबधिर मुलांचे घर उभे केले. १२३ मुलांचे ते बाप झाले. त्यांच्या नावापुढे बाबांनी स्वतःचे नाव लावले. अनेकांची लग्ने लावली, मुलांच्या हातून माळरानावर हजारो झाडे वाढवली. अठरा वर्षांनंतर मुलांना बाहेर काढण्याच्या नियमाला त्यांनी नकार दिला आणि बेवारस दिव्यांगांना आयुष्यभर त्याच घरात राहू देणारा कायदा करा, ही मागणी वर्षानुवर्षे लावून धरली. २०२४ मध्ये सरकारने त्यांना पद्मश्री दिली. कायद्याची मागणी मात्र सन्मानाने पूर्ण होत नाही.

वज्झरचे घर मला मोठे वाटते, पण तिथेही आपांचाच प्रश्न उभा आहे. एका माणसाच्या प्रेमावर चाललेले घर त्या माणसानंतर कसे चालेल? बाबांनी कायदा मागितला तो यामुळेच, असे मला वाटते. प्रेमाचा वारसदार सापडेलच असे नाही. कायद्याला निदान दुसरा माणूस नेमता येतो.

दुसरा मार्ग बदलापूरचा. मतिमंद प्रौढांच्या पालकांनी १९९० च्या सुमारास माधवराव गोरे यांच्या पुढाकाराने 'आधार' ही संस्था उभी केली. पालकांनी स्वतः पैसे घातले, जागा घेतली आणि आपल्यानंतरही मुले तिथे राहतील अशी व्यवस्था केली. पुढे नाशिकलाही शाखा झाली. इथे हिशेब विचारणारे पालकच आहेत. ज्याचा मुलगा तिथे राहतो त्याच्याइतके बारीक लक्ष दुसरा कोण ठेवणार? अडचण एवढीच की ज्या आईकडे भरायला पैसे नाहीत तिच्यासाठी हा रस्ता अवघड आहे.

कायद्यातला हिशेब

१९९९ मध्ये संसदेने राष्ट्रीय न्यास कायदा केला. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व आणि बहुदिव्यांगत्व असलेल्यांसाठी. 'आमच्यानंतर कोण' हा प्रश्न ज्या कायद्याच्या मुळाशी आहे असा हा आपल्याकडचा कायदा. त्यात प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते. अठरा वर्षांनंतर पालकत्व कुणाकडे द्यायचे ते ही समिती ठरवते. नेमलेल्या पालकाला सहा महिन्यांत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी द्यावी लागते आणि आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब द्यावा लागतो. हे वाचताना मला सूरह निसाचा तोच हुकूम आठवला. माल सांभाळा, पण तो तुमचा नाही.

याच न्यासाच्या 'निरामय' योजनेत १ लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा आहे, 'समर्थ' योजनेत थोड्या काळासाठी निवासाची आणि 'घरौंदा' योजनेत प्रौढांच्या निवासाची कल्पना आहे. आपल्या राज्यात संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० मध्ये बॅरिस्टर अ. र. अंतुले मुख्यमंत्री असताना सुरू झाली, तिचा लाभ पात्र दिव्यांगांना मिळतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारचे दिव्यांगत्व मान्य केले, समाजात राहण्याचा हक्क लिहून दिला आणि नोंदणीशिवाय अशी संस्था चालवायला मनाई केली. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १५ लाख मतिमंद व्यक्ती नोंदल्या गेल्या, स्वमग्न व्यक्तींचा वेगळा रकानाच नव्हता. आमच्या मोहल्ल्यातल्या किती जणांनी गणनेत घरातले असे मूल सांगितले असेल, याची मला शंका आहे. लाजेने आपण त्यांना घरात लपवतो, मग सरकारी कागदावर ते नसतात, मग त्यांच्यासाठी सोय होत नाही.

घर पाहायला जाल तेव्हा

एवढे वाचून झाल्यावर मी आपांसाठी एका वहीत काही प्रश्न लिहून काढले. कुठलेही निवासी घर पाहायला गेलो तर हे विचारायचे.

इमारत किती मोठी आहे ते नंतर पाहू. रात्री किती मुलांमागे किती माणसे जागी असतात? संडासाला दार आहे का आणि आतून कडी लागते का? प्रत्येकाचे कपडे, ताट आणि अंथरूण स्वतःचे आहे की सगळ्यांचे एकत्र? औषधाची वही आहे का, आणि झोपेची गोळी कुणाच्या सांगण्यावरून दिली जाते? मुलींच्या विभागात बायाच आहेत का? न कळवता भेटायला आलो तर आत सोडतील का? शेवटचे मूल आजारी पडले तेव्हा घरच्यांना किती दिवसांत कळवले? सांभाळणाऱ्या बाईचा पगार वेळेवर होतो का? तिचाच पगार थकलेला असेल तर ती कुणाशी भल्या शब्दांत बोलणार?

भाषेचा शिक्षक म्हणून आणखी एक प्रश्न मी खाली रेघ मारून लिहिला. या मुलाला जे दहा-बारा शब्द येतात ते तिथे कुणाला कळतील का? तो पाण्याला 'पानी' म्हणतो तिथवर ठीक. पण भीती वाटली की तो 'अम्मी, नक्को' म्हणतो आणि पोट दुखले की फक्त 'हौला' म्हणतो, हा शब्द त्याने स्वतःच बनवलेला आहे. हे कुणी लिहून घेतले नाही तर त्याच्याकडे असलेले बोलणेही संपेल. स्वमग्न माणसाला रोजचा ठरलेला क्रम लागतो. सकाळी काय, दुपारी काय, कुठला आवाज सहन होत नाही, शुक्रवारी नमाजला नेले तर तो कुठे बसतो. घर बदलले की हे सगळे एका दिवसात तुटते. म्हणून मुलाबरोबर कपड्यांच्या पेटीइतकीच त्याच्या सवयींची वही जायला हवी.

आपल्या समाजाला विचारायचे ते

आता थोडे आपल्याबद्दल. रमजानमध्ये आपल्या शहरांतून जकात आणि सदक्याची मोठी रक्कम गोळा होते. मदरशांना जाते, गरिबांना जाते, चांगलेच आहे. पण ज्या घरात असे मूल आहे त्या घरातली आई चार तास झोपू शकेल एवढी सोय आपण कधी केली? मराठवाड्यात वक्फच्या जमिनी आहेत, वक्फ मंडळाचे कार्यालयही आपल्याच विभागात आहे. त्या जमिनींचे खटले आपण ऐकतो. त्यांच्या मूळ हेतूंमध्ये दुबळ्यांची सेवा होती, याची आठवण किती जणांना असते?

मोठे हॉस्टेल बांधा असे मी म्हणणार नाही. या सगळ्या इतिहासाने मला मोठ्या हॉस्टेलची भीती वाटते. आधी दिवसभराचे छोटे केंद्र हवे, जिथे मूल संध्याकाळी घरी परत जाते. मग आई दवाखान्यात असली तर आठ-पंधरा दिवस ठेवता येईल अशी दोन-तीन खोल्यांची सोय. मग हळूहळू सहा-आठ प्रौढांचे घर, मोहल्ल्यातच, जिथून मशीद, किराणा दुकान आणि ओळखीचे लोक दिसतात. ते फक्त मुसलमानांसाठी असावे असेही नाही. उरुसात शेजारी उभे राहणारे आईबाप इथेही शेजारी असू शकतात. आणि पहिल्या दिवसापासून एक वही हवी, जी कुणीही येऊन उघडू शकेल. 'आम्ही अल्लाहच्या रजेसाठी करतो, आम्हाला हिशेब काय विचारता' हे वाक्य आपल्या संस्थांमध्ये मी फार वेळा ऐकले आहे. अमानत ज्याच्याकडे असते त्यालाच तर हिशेब विचारायचा असतो.

आपांना मी अजून 'अमुक ठिकाणी पाठवा' असे सांगू शकलेलो नाही. एवढे मात्र झाले. मुलाच्या दिव्यांग प्रमाणपत्राचे नूतनीकरण केले, निरामयचा अर्ज भरला. अठरा पूर्ण होताच पालकत्वाचा अर्ज समितीकडे द्यायचा म्हणून कागद जमवतो आहोत. नांदेडच्या बहिणीने आपले नाव द्यायला हो म्हटले आहे. आणि दर रविवारी असरनंतर मी त्यांच्या घरी जातो, आपा सांगतात आणि मी त्या मुलाच्या सवयींच्या वहीत लिहून घेतो. आत्तापर्यंत अकरा पाने झाली आहेत. मागच्या रविवारी त्याने माझ्या हातातला पेन घेतला, पानावर एक लांब रेघ ओढली आणि पेन परत दिला. ती रेघ मी तशीच ठेवली आहे.

तुमच्या गल्लीत असे घर असेल तर एकदा जाऊन बसा. मुलाला काय येते ते विचारा आणि लिहून घ्या.